बोर्डाशिवाय वगळायचं नाही

आमच्या घरमालकीणबाई बोर्ड बसल्याशिवाय घरातलं काहीही फेकू देत नसत. कांद्याची सालं आणि चहाचा चोथा, एवढ्यालाच माफी. बाकी फुटका मग असो, विटलेली चादर असो, तीन माणसं समोरासमोर बसणार, वस्तू मधे ठेवणार, प्रत्येकाला मत विचारलं जाणार आणि मग बाई निकाल देणार. गच्चीच्या कठड्यात उगवलेलं पिंपळाचं रोप बोर्डानं ठेवायचं ठरवलं, म्हणून त्या कठड्याला आज तडा आहे. बोर्ड चुकत नाही असा बाईंचा दावा कधीच नव्हता. बोर्ड बसलं पाहिजे, एवढाच होता.

भिंगारमधल्या एका लष्करी आस्थापनेत त्यांनी आयुष्यभर रेकॉर्डला नोकरी केली. कोणत्या, ते सांगत नसत. निवृत्त होऊन केस पांढरे झाले तरी विचारलं की म्हणत, "ते सांगायचं नसतं." तिथली रीत अशी, की मोडकी खुर्ची टाकायची तरी एकट्यानं टाकायची नाही. तिघांचं बोर्ड बसतं, वस्तू डोळ्यांनी बघतं, सह्या करतं, मगच ती जाते. बाईंनी नोकरी सोडली, रीत सोडली नाही.

त्या गेल्या तेव्हा शोकसभेत लोक उठून त्यांना मायाळू म्हणाले, शिस्तप्रिय म्हणाले. मी तिथंही हरकत घेतली होती, इथंही घेते. बाई मायाळू नव्हत्या. भांडकुदळ होत्या, हट्टी होत्या, आणि स्वतःचं खोटं ठरलं तरी आवाज खाली आणत नव्हत्या. मेल्यावर माणसाला गुळगुळीत करायची ही जी पद्धत आहे, तिचा मी निषेध करते. असल्या माणसांना गुळगुळीत केलं की पुढच्यांना धरायला काही उरत नाही.

मी मूळची कर्जतची. ऊसतोड कामगारांच्या संघटनेचं काम करायला लागले तेव्हा बाईंच्या घरावरची पत्र्याची खोली आम्ही ऑफिस म्हणून घेतली. पत्रकं लिहिणं हे माझं खातं. काष्टीच्या बाजारात पत्रकं वाटता वाटता मी बोलायला शिकले आणि बोलता बोलता भांडायला. बाई मला नावानं कधी हाक मारत नसत. "ए पत्रक, खाली ये," अशी हाक यायची.

वर आमच्या घोषणांची तालीम चालली की त्या जिना चढून येत. पाठिंबा द्यायला नाही, दुरुस्ती करायला.

"मिळालंच पायजे, मिळालंच पायजे करताय. कुनी द्यायला पायजे?"

"सरकारनं."

"सरकारला तोंड असतं का? कुन्या टेबलावरच्या कुन्या मानसानं, ते म्हना की."

'कुनी' हा त्यांचा लाडका शब्द. लाइट गेली म्हटलं की कुनी घालवली. नळाला पाणी आलं नाही म्हटलं की कुनी सोडलं न्हाई. एकदा आमचा एक कार्यकर्ता सहज म्हणाला, बाई, तुमच्या गल्लीत कचरा लई साठलाय. तर त्याला अर्धा तास जिन्यात उभा करून, कुणी साठवला असेल याची घरोघर चर्चा केली. तो पुन्हा त्या जिन्यानं आला तेव्हा पाय न वाजवता आला.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा आमच्या हार्ड डिस्कचा आहे.

संघटनेकडे त्या काळ्या चपट्या डिस्क होत्या, कॉम्प्युटरला वायरनं जोडायच्या. सगळं त्यांत होतं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या मुलाखती, तांड्यावरच्या पोरांचे फोटो, मोर्चे, अर्ज, माझी पत्रकं. आणि सगळं अनेकवार होतं, कारण आमच्यातल्या प्रत्येकाला भीती होती की आपलं साहित्य एक दिवस कुणीतरी उचलून नेईल. त्यामुळे जो बाहेरगावी निघे तो आधी सगळंच्या सगळं उतरवून घेई आणि परत आल्यावर ते सगळं पुन्हा आत टाकी. 'नवीन फोल्डर'च्या पोटात 'जुनं सगळं', त्याच्या पोटात 'फायनल', त्याच्या पोटात 'खरं फायनल'. काष्टीच्या बाजारातल्या एकाच बैलाचा फोटो इतक्या ठिकाणी सापडायचा की त्या बैलाला आम्ही संघटनेचा सभासद करून घेतला होता.

या डिस्क बाई सांभाळत. कारण वरची खोली पत्र्याची, उन्हाळ्यात तापायची, म्हणून त्यांनीच हुकूम काढला की डिस्क खाली त्यांच्या घरात राहतील. स्टीलच्या डब्यात, गव्हात घालतात तसा कडुलिंबाचा पाला घालून. मी हसले तर म्हणाल्या, "मला काय येडी समजती? व्हायरस म्हंजी किडा न्हाई, हे ठावं हाय मला. पन पाला घातला तर बिघडलं काय?"

त्या वर्षी डिस्क भरल्या. दसरा झाला की तोडीच्या गाड्या निघतात, त्याआधी वस्त्यांवर जाऊन पोरांच्या नोंदी आणि फोटो करायचे होते, आणि ठेवायला जागा नाही. नवी डिस्क घ्यायची ऐपत नव्हती. मग पुण्याच्या एका मित्रानं एक प्रोग्राम दिला. तो सगळ्या डिस्क धुंडाळतो, एकसारख्या फायली शोधतो, जोडीनं समोर मांडतो. डावीकडे एक, उजवीकडे एक. उजवीवर आधीच लाल फुली मारलेली. एक बटण दाबलं की सगळ्या फुलीवाल्या खलास. चहा पिऊन होईपर्यंत काम संपणार होतं.

मी बटणावर बोट नेलं आणि बाईंनी माझं मनगट धरलं.

"ही फुली कुनी मारली?"

"प्रोग्रामनं."

"निकाल आधी आन् सुनावनी मागनं? उठ. बोर्ड बसंल."

आणि बसलं. बाई अध्यक्ष. मी सभासद, कारण माल आमचा. तिसरा सभासद बाहेरचा पाहिजे, ज्याचा या मालाशी काडीचा संबंध नाही, असा नियम. तो मान शेजारच्या निवृत्त हवालदारकाकांना मिळाला. काकांना कमी ऐकू यायचं आणि चष्म्याचा नंबर बदलायचा राहिला होता. पण ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि प्रत्येक जोडीला एकच मत द्यायचे.

"ठेवा."

"अहो हवालदारसाहेब, हा अंगठ्याचा फोटो हाय. चुकून निघालेला. दोनदा हाय."

"कुनाचा अंगठा हाय?"

"काय ठाऊक."

"मग ठेवा. मालक येईल."

चिडून चिडून माझा घसा बसला. मी सांगत होते की मशीन फाईलचा कण न् कण तपासतं, दोन्ही तंतोतंत एक असतात, उगाच बघत बसायची गरज नाही. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "ठेवायला नुस्ती जागा लागती. टाकायला अक्कल लागती. तुला घाई हाय ना? मग तसं लिहून दे, की मला घाई हाय." असं लिहून द्यायला कुणाचाच हात उचलत नसे. माझाही नाही.

आणि या एवढ्या अकलेनं काय झालं ते पण सांगते. मी वस्तीवर गेले होते त्या दिवशी माझ्या जागी गल्लीतल्या शिंप्याला सभासद करून बोर्ड बसलं, आणि त्या बोर्डानं माझं नवं पत्रक उडवून जुनं ठेवलं. दोन्हींचं नाव एकच होतं, म्हणून ही जोडी प्रोग्रामनं नाही, बाईंनीच लावली होती. नव्यात मी मुकादमांच्या मारहाणीवर एक सणसणीत परिच्छेद घातला होता, तो गेला. मी जिन्यातूनच ओरडत उतरले. बाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, बोर्डाचा निर्णय आहे, अपील कर. मला खरोखर अर्ज लिहायला लावला. मग अपील मंजूर केलं. आणि म्हणाल्या, आता तो परिच्छेद पुन्हा लिही, आधीचा जरा लांबलाच होता. उडवायच्या आधी तो त्यांनी मोठ्यानं वाचून घेतला होता. पुन्हा लिहिला तेव्हा तो निम्मा झाला आणि दुप्पट लागला, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

असं रडतखडत बोर्ड पोरांच्या फोटोंपर्यंत आलं. इथं प्रोग्राम दुसऱ्या पद्धतीनं काम करत होता. तंतोतंत एक नसलेले, पण सारखे दिसणारे फोटो तो जोडीनं लावत होता. एकाच माणसाचे लागोपाठ काढलेले दोन फोटो असतात, त्यातला एक काढून टाकावा म्हणून. एक जोडी समोर आली. मागं निळी ताडपत्री, पिवळा फ्रॉक, तेल लावून दोन वेण्या, सात-आठ वर्षांची पोरगी. उजवीकडे तीच. उजवीवर लाल फुली.

बाई पहिल्यांदाच घाईनं बोलल्या. "ही एकच हाय. काढा उजवी."

हवालदारकाका म्हणाले, "ठेवा."

मी म्हणाले, "बाई, ही एक नाही. ह्या दोघी आहेत. जुळ्या. आरती आणि भारती. फोटो मीच काढलेत. घरात चांगला फ्रॉक एकच होता, म्हणून आईनं एकीचा फोटो झाल्यावर तोच दुसरीला घातला."

आपल्याकडे फोटोला धडक्या कपड्यात उभं राहायचं असतं. सरकारी कामाला फोटो द्यायचा आणि पोरगी फाटक्यात, हे कुठल्याही आईला चालत नाही. त्या माउलीनं काही चूक केली नव्हती, आहे त्यात दोघींना सारखं नटवलं होतं.

बाईंनी पडद्याजवळ तोंड नेऊन दोन्ही चेहरे निरखले. मला वाटलं आता माझ्यावरच उलटतील, की असे फोटो काढतेसच कशाला. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"हेच फोटो तू हंगामी वसतिगृहाच्या अर्जाला लावलेस का?"

लावले होते. आईबाप तोडीला गेले की पोरांनी गावातच राहून शाळा शिकावी म्हणून ती वसतिगृहं असतात. अर्ज ऑनलाइन भरलेले. बाप तोच, जन्मतारीख तीच, पत्ता तोच, फ्रॉकही तोच.

"मला जे वाटलं ते तिथल्या मशीनला वाटलं नसंल कशावरून? फोन लाव."

मी पोरींच्या आईला फोन लावला. मागं भांडी बांधल्याचा आवाज येत होता. गाडी परवा निघणार होती. ती शांतपणे म्हणाली, "व्हय ताई, यादी लागली. आरतीचं नाव आलंय. भारतीचं न्हाई आलं. म्हनले दुबार हाय. मग आमी म्हनलं, असंल. भारतीला संगं न्हेतो फडावर. बारक्याला सांभाळंल."

असंल. हा शब्द मला अजून चावतो. एका जिवंत पोरीला दुबार म्हटलं, आणि आईनं म्हटलं, असंल. कारण तिला आयुष्यभर हेच शिकवलंय की यादीत जे येतं ते खरं आणि दारात उभं असतं ते खोटं. आणि एक सांगते. कोण दुबार आहे हे ठरवणारा स्वतः कधीच दुबार निघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही पोरींच्या, पूर्वेकडच्या तालुक्याच्या गावाला गेलो. मी माझी पत्रकं घेतली. बाईंनी नेसत्या इरकल लुगड्यावर ऑफिसचा जुना कोट चढवला, ऑक्टोबरच्या उन्हात. पोरी आणि त्यांची आई स्टँडवर थांबलेल्या होत्या. त्या दिवशी एकीच्या अंगात शाळेचा ड्रेस होता आणि दुसरीच्या अंगात तोच पिवळा फ्रॉक.

वसतिगृहाचे अर्ज बघणाऱ्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात ऑपरेटर बसला होता, माझ्याच वयाचा. त्यानं नाव टाकून बघितलं आणि म्हणाला, दुबार दाखवतंय.

"कुनी दाखवलं?" बाई सुरू झाल्या.

"सिस्टीमनं. नाव आपोआप उडतं, मावशी."

"उडतं? नाव काय चिमनी हाय? मावशी म्हन, पन आपोआप म्हनू नको. वगळलं कुनी?"

"ऑटोमॅटिक असतंय ते."

बाईंनी दोन्ही पोरींना दंडाला धरून टेबलापुढं उभं केलं, शेजारी शेजारी. "ही एक. ही एक. आता मशीन बंद कर आन् तुझ्या डोळ्यांनी बघ. कोनती वगळायची? बोट ठेव."

तो हसला, मग हसायचा थांबला. त्याचे हात कीबोर्डवरून खाली गेले. तेवढ्यात आतून साहेब आले. आवाजानं आले असावेत. वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की पोर्टल पुन्हा उघडलं की दुसरीचा अर्ज नव्यानं भरा.

"कधी उघडंल?"

"ते वरून उघडतं."

"वर कुनी?"

साहेबांनी विचारलं, बाई, तुम्ही कोण, नातेवाईक का? बाई कोट सारखा करून म्हणाल्या, "न्हाई. मी बाहेरची सभासद."

मी पुढं होऊन बोलायला तोंड उघडलं. भाषण तयारच होतं. बाईंनी हातानंच गप्प केलं. साहेब आता थोडे वैतागले होते. म्हणाले, हे बघा, जिचं नाव मंजूर आहे तिचा तरी दाखला आत्ता देतो, उगाच तिचं नुकसान नको. मग पोरींकडे वाकून त्यांनी चांगल्या आवाजात विचारलं.

"आरती कोण? हात वर कर बाळा."

दोन हात वर गेले.

कुणाला काही कळेना. साहेब म्हणाले, "बरं. भारती कोण?"

एकही हात हलला नाही. दोघी टेबलावरच्या काचेखालच्या देवाच्या फोटोकडे बघत होत्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बाईंनी नाही, हे मी शपथेवर सांगते, कारण बाईंचंच तोंड उघडं पडलं होतं. मी तर नाहीच. घरातली भांडी बांधली जाताना त्या दोघींनी आपसात कधीतरी ठरवलं असेल, तेवढंच.

साहेब आईकडे वळले. "अहो, तुम्ही सांगा. यातली आरती कोणती?"

ती आतापर्यंत भिंतीला पाठ लावून उभी होती. कालपर्यंत 'असंल' म्हणणारी. तिनं दोघींकडे नीट बघितलं, पदर खांद्यावर घेतला आणि साहेबांच्या डोळ्यात बघून म्हणाली, "मला बी वळकू येईना, सायेब. तुमच्या मशिनलाच इचारा."

ऑपरेटर खिडकीकडे बघायला लागला. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही संघटनेच्या ना, फोटो तुमच्याकडूनच आलेत, तुम्हाला माहीत असेल. सरकारी ऑफिसात मी आपणहून गप्प बसल्याची ती पहिली वेळ.

मग बाई बोलल्या, एकदम हळू. "साहेब, बोर्ड बसवा. तुमी, हा पोरगा आन् मी. एक वगळायचीच असंल तर वगळू. माझी हरकत न्हाई. फक्त बोट कोन ठेवतंय, त्याचं नाव खाली लिहा."

साहेब ऑपरेटरच्या बाजूची खुर्ची ओढून बसले, एक कोरा कागद घेतला आणि वसतिगृहाच्या मुख्याध्यापकांच्या नावे हातानं लिहिलं, की सोबतच्या दोन्ही मुलींना आजपासून दाखल करून घ्यावे. खाली सही केली. बाई म्हणाल्या, सहीखाली नाव पण लिहा, सही वाचता येत नाही. त्यांनी नाव लिहिलं. असा कागद द्यायचा त्यांना अधिकार होता की नव्हता, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि कुणी विचारू नये.

पोर्टलवर त्या वर्षी शेवटपर्यंत एकच नाव दिसत राहिलं. जेवायला दोघी बसत होत्या.

स्टँडवर गाडीची वाट बघताना बाईंना राहवेना. रेकॉर्डचा माणूस, नोंद अर्धवट राहिलेली त्यांना सोसत नव्हती. पोरी पलीकडे उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभ्या होत्या. बाई त्यांच्या आईच्या जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "आता झालं सगळं. मला सांग, त्यातली आरती कोनती?"

ती हसली. म्हणाली, "तुमी बी हापिसातल्याच की, बाई."

आयुष्यभर कुणाचं ऐकून न घेणाऱ्या बाईंनी ते ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बराबर हाय," आणि कोट काढून मांडीवर ठेवला.

फोटो मी काढले होते. फ्रॉक आधी कुणी घातला, नंतर कुणी, हे मी उभी राहून बघितलं होतं. कोण आरती आणि कोण भारती, मला पक्कं ठाऊक आहे. ज्यांना ते लिहून हवं असेल त्यांनी आधी स्वतःचं नाव सांगावं, आणि कशासाठी हवं ते सांगावं. तरीही मी सांगणार नाही.